पौषातल्या भाचीचं नाव

आमच्या घरात बाळाचं नाव आत्या ठेवते. हा मान बारशाला कानात कुर्र करण्यापुरता नसतो. नाव शोधायचं तिनेच आणि सगळ्यांच्या गळी उतरवायचंही तिनेच. त्यात आईने घालून दिलेला आणखी एक पायंडा आहे: नाव जन्ममहिन्यावरून असावं. मी चैत्रातली, दादा आश्विनातला, आणि आम्हा दोघांची नावं त्या त्या महिन्यातूनच आलेली आहेत. त्यामुळे वहिनीचे दिवस भरत आले तसं माझंही काम सुरू झालं. मी ठाण्यात, नौपाड्यात राहते, दादा-वहिनी ऐरोलीला.

डॉक्टरांनी तारीख दिली होती २०२५ च्या फेब्रुवारीतल्या दुसऱ्या आठवड्याची. कालनिर्णय उघडून पाहिलं तर माघाचा शुद्ध पक्ष. आईला आनंद झाला. माघी गणपती, वसंत पंचमी, रथसप्तमी, सगळं त्याच पंधरवड्यात. मुलगा झाला तर माधव, मुलगी झाली तर माधवी, असं तिने मनाशी पक्कंही करून टाकलं. पण बाळाने तेवढी वाट पाहिली नाही. २४ जानेवारीला, शुक्रवारी दुपारी, मुलगी झाली. तिथी पौष वद्य दशमी.

हॉस्पिटलमध्ये आईने आधी विचारलं, "दोघी सुखरूप आहेत ना?" आणि मग जरा वेळाने, माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "पौष संपायला पाचच दिवस उरले होते गं."

तिचा सूर मला कळत होता. पौष म्हणजे भाकड महिना, पौषात लग्न-मुंज करू नये, नव्या घरात जाऊ नये, हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलोय. सूर्य धनु राशीत असतो तो धनुर्मास आणि पौष हे बरेचसे एकमेकांवर येतात, आणि धनुर्मासात मंगलकार्यं करत नाहीत. तो बोल पुढे अख्ख्या पौषालाच लागला असावा असं मला वाटतं. पण जन्माला कुठे मुहूर्त असतो? आणि बाळ झालं तेव्हा संक्रांत होऊन गेली होती, म्हणजे धनुर्मासही संपलेला होता. हे सगळं मी आईला त्या दिवशी बोलले नाही. दमलेली होती ती.

दुसऱ्या दिवशी गोष्ट वेगळ्याच दिशेने गेली. वहिनीचं माहेर ग्वाल्हेरचं. पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहिलेलं मराठी घर, पण भिंतीवरचं पंचांग तिकडचं. वहिनीच्या आई बाळंतपणासाठी ऐरोलीला आल्या होत्या. आईच्या तोंडून पौष हा शब्द ऐकून त्या म्हणाल्या, "अहो विहीणबाई, पौष कुठला? आमच्याकडे माघ लागून दहा दिवस झाले." आणि त्यांचंही खरंच होतं. तेव्हा प्रयागला महाकुंभ चालू होता आणि बातम्यांमधून येत्या मौनी अमावास्येला सारखं माघातली अमावास्या म्हणत होते. आपल्या कालनिर्णयात तीच २९ जानेवारीची अमावास्या पौषातली.

महिन्यावरून नाव ठेवायचं म्हणणाऱ्या प्रत्येकाने हा फरक नीट समजून घ्यावा, म्हणून जरा सविस्तर सांगते. आपल्याकडे, म्हणजे महाराष्ट्रात, गुजरातेत आणि दक्षिणेतल्या चांद्र पंचांगांत, महिना अमावास्येला संपतो. उत्तरेत तो पौर्णिमेला संपतो. शुद्ध पक्ष दोन्हीकडे एकाच महिन्यातला असतो, वाद येतो तो वद्य पक्षाचा. आपला पौष वद्य पक्ष तो त्यांचा माघ कृष्ण पक्ष. कृष्णाचा जन्म आपण श्रावण वद्य अष्टमीचा मानतो, उत्तरेत भाद्रपद कृष्ण अष्टमीचा, रात्र तीच. महाशिवरात्र आपली माघातली, त्यांची फाल्गुनातली, दिवस तोच. म्हणजे बाळ पौर्णिमेनंतर आणि अमावास्येच्या आत जन्मलं, तर त्याला दोन महिने मिळतात, आणि आजोळ-घर वेगवेगळ्या पंचांगांचं असेल तर दोन बाजूही मिळतात.

त्यात दादाने तिसरं पंचांग काढलं. भारत सरकारची राष्ट्रीय सौर दिनदर्शिका, २२ मार्च १९५७ पासून लागू झालेली, राजपत्रावर जिची तारीख असते ती. तिच्यात महिने ठरलेल्या तारखांना बदलतात आणि माघ लागतो २१ जानेवारीला. त्या हिशोबाने २४ जानेवारी म्हणजे ४ माघ, शके १९४६. "दोन विरुद्ध एक," दादा म्हणाला. "माघ. माधवी. आईही खूश, सासूबाईही खूश."

मी नाही म्हटलं. आई ज्या पंचांगाने गुढी उभारते, ज्याने मला चैत्र दिला आणि दादाला आश्विन दिला, त्या पंचांगाने ही मुलगी पौषातली आहे. तिच्या सोयीसाठी म्हणून आपण दुसऱ्याचं पंचांग मागून आणायचं आणि तिला पौषातून उचलून माघात ठेवायचं, हे मला पटेना. तसं केलं तर आपण तिच्या जन्माच्या महिन्याला नाक मुरडलं असाच त्याचा अर्थ होतो. उद्या ती मोठी होऊन विचारेल, मी पौषातली तर माझं नाव माघाचं का? तेव्हा काय सांगायचं? मी आईला एवढंच म्हटलं, "मला बारशापर्यंत वेळ दे. पौषातलं चांगलं नाव मिळालं नाही तर माधवी."

माधवीबद्दलही एक अडचण होती, ती मला शोधता शोधता कळली. पण त्याआधी ठाण्याच्या बाजारातल्या जांभळी नाक्याबद्दल.

वहिनीसाठी डिंक, खारीक, अळीव आणायला मी जांभळी नाक्याला गेले होते. पौषाचे शेवटचे दिवस. भाजीवाल्यांकडे हिरव्या हरभऱ्याच्या जुड्या, पावट्याच्या शेंगा, लालबुंद गाजरं, काटेरी वांगी, बोरं, उसाचे करवे. संक्रांत होऊन गेली तरी हळदीकुंकवं रथसप्तमीपर्यंत चालतात, म्हणून तिळगुळाच्या आणि हलव्याच्या दागिन्यांच्या टोपल्या अजून मांडलेल्या होत्या. एक बाई बसल्या बसल्या हरभऱ्याचे घाटे सोलत होती आणि पुढ्यातल्या वाटीत दाण्यांचा ढीग वाढत होता. वर्षभरात भाजीबाजार इतका भरलेला मी दुसऱ्या कुठल्या महिन्यात पाहिलेला नाही. ह्या महिन्याला भाकड का म्हणायचं? ह्याच महिन्यात शाकंभरी नवरात्र असतं, शुद्ध अष्टमीपासून पौर्णिमेपर्यंत. भाज्यांची, धान्याची देवी. आणि पुष्य हे नक्षत्र, ज्याच्यावरून पौषाला नाव मिळालं, त्याचा धातूच पुष्, पोसणे, पुष्ट करणे. सामानाची पिशवी खांद्याला अडकवून मी तिथेच ठरवलं की नाव पौषाचंच होणार.

आता नावं कुठून काढायची? महिन्यावरून नाव म्हटलं की बहुतेकांना ठरावीक नावं आठवतात: श्रावणी, कार्तिक, चैत्राली, फाल्गुनी, अश्विनी. श्रावणी तर आता प्रत्येक शाळेत हाक मारली की दोघी-तिघी वळून पाहतात. पण सगळे महिने असे गोड उच्चारांचे नाहीत. भाद्रपद, मार्गशीर्ष, पौष ह्यांचं मुलीचं नाव लगेच सुचत नाही. मी ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयाची सभासद आहे. १८९३ सालची ही संस्था, तिथे जुने कोश मिळतात. दोन संध्याकाळी तिथे बसले, आणि मग आमच्या इमारतीतल्या एका निवृत्त संस्कृत शिक्षिकेकडे गेले. आम्ही त्यांना बाई म्हणतो. त्यांना अमरकोश पाठ आहे.

बाईंनी डोळे मिटले आणि महिन्यांची नावं सुरू केली. पौषापाशी थांबून बोट वर केलं: "पौषे तैषसहस्यौ द्वौ." म्हणजे पौषाला तैष आणि सहस्य अशी आणखी दोन नावं.

सहस्य कुठून आलं हे त्यांनी सांगितलं तेव्हा मी वही उघडली. यजुर्वेदात महिन्यांची नावं चैत्र, वैशाख अशी येत नाहीत, ती ऋतूंच्या जोड्यांनी येतात. वसंताचे मधु आणि माधव, ग्रीष्माचे शुक्र आणि शुचि, वर्षेचे नभस् आणि नभस्य, शरदाचे इष आणि ऊर्ज, हेमंताचे सहस् आणि सहस्य, शिशिराचे तपस् आणि तपस्य. मी ऐकतच राहिले. आज आपण नवी म्हणून जी नावं ठेवतो, ऊर्जा, तपस्या, नभा, मधुरा, त्यांतल्या काहींच्या मुळाशी हे जुने महिने उभे आहेत. भाद्रपदात मुलगी झाली आणि नाव सुचत नाही असं कुणी म्हणालं तर मी आता लगेच नभस्या सांगते. कार्तिकात झाली तर ऊर्जा. कार्तिकालाच ऊर्ज म्हणत. मला हे नाव फार आवडतं, दिवाळीनंतरच्या स्वच्छ हवेसारखं.

आणि इथेच माधवीची अडचण. ह्या यादीत माधव म्हणजे वैशाख. आणखी एक यादी आहे, विष्णूच्या चोवीस नावांतली पहिली बारा, मार्गशीर्षापासून क्रमाने बारा महिन्यांना दिलेली: केशव, नारायण, माधव, गोविंद, विष्णु, मधुसूदन, त्रिविक्रम, वामन, श्रीधर, हृषीकेश, पद्मनाभ, दामोदर. तिच्यात माधव म्हणजे माघ. म्हणजे माधवी हे नाव धरलं तर ते माघाचं की वैशाखाचं, हाच प्रश्न. ही दुसरी यादी वाचताना मात्र मला दुसरंच काही सापडलं. माझ्या आजोबांचं नाव दामोदर. त्यांचा जन्म कार्तिकातला. दामोदर म्हणजे कार्तिक. आई समजत होती की महिन्यावरून नावाची पद्धत तिने सुरू केली. ती आमच्या घरात तिच्याही आधीपासून होती, फक्त कुणाला आठवत नव्हती. मी त्याच रात्री आईला फोन करून हे सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "मामंजींच्या नावाचं हे मला कधीच कुणी सांगितलं नाही."

बाईंनी दुसरा शब्द सांगितला होता, तैष. तैष हा तिष्य वरून आलेला, आणि तिष्य हे पुष्य नक्षत्राचंच जुनं नाव. जसं चित्रावरून चैत्र, विशाखावरून वैशाख, मघावरून माघ, तसंच तिष्यावरून तैष. ज्या महिन्यात पौर्णिमेचा चंद्र त्या नक्षत्राच्या आसपास येतो, तो त्या नक्षत्राचा महिना. बाई म्हणाल्या, "तिष्य हे माणसाचं नाव फार जुनं आहे. अमुक नक्षत्रावर जन्मलेल्याला अमुक नाव, ह्याचं पाणिनीचं सूत्रच आहे अष्टाध्यायीच्या चौथ्या अध्यायात, त्यात तिष्य आहे. तुझ्या भाचीचं नक्षत्र कुठलं?" मी अनुराधा सांगितलं. त्या हसल्या. "त्याच सूत्रात अनुराधाही आहे."

मग त्या अशोकाकडे वळल्या. अशोकाच्या लेखांत तिष्य नक्षत्राचा दिवस विशेष मानलेला आहे. त्या दिवशी बैलांना, घोड्यांना डाग देऊ नये असं त्याने कोरून ठेवलं आहे. पाटलिपुत्रला भरलेल्या बौद्ध भिक्षूंच्या सभेचे, धर्मसंगीतीचे, अध्यक्ष मोग्गलिपुत्त तिस्स, सिंहलद्वीपाचा राजा देवानंपिय तिस्स, दोघांच्या नावात तोच तिष्य, पालीतला तिस्स होऊन.

मी घरी येईपर्यंत माझ्या डोक्यात तिष्या हे नाव घट्ट बसलं होतं. तरी वहीत सगळी लिहिली: पौषी, सहस्या, पुष्या, पुष्टी, शाकंभरी, तिष्या. आणि ऐरोलीला जाऊन एकेक मोठ्याने म्हणून पाहिली. हे करायलाच हवं. कागदावर छान दिसणारं नाव जिन्यातून हाक मारताना कसं लागतं ते वेगळंच असतं. सहस्या म्हटलं की वहिनीला दर वेळी रहस्या ऐकू येत होतं. पुष्या कुणीही पुष्पाच समजणार. पुष्टीवर दादा म्हणाला, हा शब्द बातमीतला आहे, "वृत्ताला पुष्टी मिळाली नाही". शाकंभरी वहिनीच्या आईंना मनापासून आवडलं आणि मलाही. पण रोजच्या हाकेला ते मोठं पडतं, आणि त्याचं शाकू झालेलं कुणालाच नको होतं. पौषी सरळ होतं, पण वहिनी म्हणाली, "नावात महिना असू दे, नावच महिना नको."

तिष्या म्हटलं आणि वहिनी स्वतःशीच दोन-तीनदा म्हणून पाहायला लागली. मांडीवरच्या बाळाकडे बघून. ते मी पाहिलं आणि मला बरं वाटलं.

हरकती आल्याच. वहिनीच्या आई वाचणाऱ्या आहेत. त्या म्हणाल्या, अशोकाच्या राणीचं नाव तिष्यरक्षिता, तिने सावत्र मुलाचे, कुणालाचे, डोळे काढवले अशी कथा आहे. दादाने मोबाईलवर शोधून सांगितलं की तिष्य हे कलियुगाचंही नाव आहे. दोन्ही खरं. मी बाईंना पुन्हा विचारलं. त्यांचं म्हणणं मला योग्य वाटलं: एका राणीने वाईट केलं म्हणून नक्षत्र वाईट होत नाही, आणि पुष्य तर शुभ नक्षत्रांतलं, गुरुपुष्य योगाला लोक सोनं घेतात ते ह्याच नक्षत्रावर. वहिनीच्या आईंना मी हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मग माझी काही हरकत नाही. तू आत्या आहेस, तुझा अधिकार."

राहिली आई. ती विरोध करत नव्हती, पण मनापासून होही म्हणत नव्हती. तिला वळवलं ते कोशाने नाही आणि पाणिनीनेही नाही. बोलता बोलता मी तिला विचारलं, पौषात खरंच काहीच चांगलं करत नाहीत का? ती म्हणाली, "तसं नाही. आमची आई पौषातले रविवार करायची ना. आदित्यराणूबाईचे." आणि मग ती सांगतच गेली. पहाटे अंगण सारवून सूर्याची रांगोळी, विड्याच्या पानावर रक्तचंदनाने काढलेलं सूर्याचं तोंड, तांबडी फुलं, खिरीचा नैवेद्य, आजीने सांगितलेली कहाणी, आणि कहाणी ऐकल्याशिवाय कुणी खायचं नाही म्हणून भुकेने रडवेली झालेली आई आणि तिची भावंडं. धनुर्मासातलं सूर्योदयाआधीचं जेवण, मुगाची खिचडी, बाजरीची भाकरी आणि लोणी. बोलताना तिचा चेहरा बदलला होता. "सूर्याचाच महिना म्हणायची ती पौषाला," आई म्हणाली. मग तिनेच कालनिर्णय काढलं आणि बारावा दिवस मोजला. ४ फेब्रुवारी. त्या चौकोनात रथसप्तमी छापलेली होती.

बारसं रथसप्तमीला झालं, ऐरोलीला, दादाच्या घरी. नामकरणाचा विधी करायला गुरुजी बोलावले होते आणि त्यांच्यामुळे मला जे कळलं ते मी प्रत्येक होणाऱ्या आत्याला सांगते. नामकरणात एक नाव ठेवत नाहीत, चार ठेवतात. पहिलं कुलदेवतेचं, दुसरं मासनाम, तिसरं नक्षत्रनाम, चौथं व्यवहारातलं. म्हणजे महिन्यावरून नाव ही आवड नसून तो विधीचा भागच आहे! मासनामांची यादी पुन्हा वेगळी, मार्गशीर्षापासून: कृष्ण, अनंत, अच्युत, चक्री, वैकुंठ, जनार्दन, उपेंद्र, यज्ञपुरुष, वासुदेव, हरि, योगीश, पुंडरीकाक्ष. पौषाचं अनंत.

गुरुजींनी काशाच्या ताटात तांदूळ पसरले, हाताने सपाट केले आणि दादाच्या बोटातली सोन्याची अंगठी घेऊन त्याच्याकडून एकेका ओळीत नावं लिहून घेतली. कुलदेवतेच्या नावाखाली अनंता. त्याखाली नक्षत्रनाम, अनुराधाची अक्षरं ना, नी, नू, ने, आणि दुपारच्या वेळेवरून हिचं चरण दुसरं, म्हणून नी वरून नीरजा. चौथ्या ओळीला गुरुजींनी विचारलं, "जन्म अनुराधावर आणि नाव पुष्याचं?" मी सांगितलं, हे नक्षत्राचं म्हणून नाही, महिन्याचं म्हणून. नक्षत्राचं वर आलंच आहे. त्यांनी मान हलवली. दादाने लिहायला घेतलं. ष ला पोटातली तिरकी रेघ ओढताना अंगठीपुढे तांदूळ सरकत होते आणि आधीचं अक्षर बुजत होतं, म्हणून त्याने ते अक्षर मोठं करून लिहिलं. ताटातलं सगळ्यात मोठं अक्षर तेच होतं, पोटफोड्या ष.

दुपारनंतर बायका जमल्या. वरवंट्याला अंगडं-टोपडं घालून पाळण्याखालून-वरून दिला-घेतला, कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या. मी वाकून तिच्या कानात नाव सांगितलं, कुर्र केलं आणि पाठीत सगळ्यांचे धपाटे खाल्ले. घुगऱ्या वाटल्या. आईने त्या बायकांना नाव सांगताना स्वतःहून पुढे जोडलं, "पौषातली आहे ना, म्हणून."

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते, कारण नावाच्या घाईत लोक उगाच घाबरतात. जन्माची माहिती २१ दिवसांत नोंदवायची असते, आणि बाळंतपण रुग्णालयात झालं असेल तर ती रुग्णालयच कळवतं. तेव्हा बाळाचं नाव ठरलेलं नसलं तरी चालतं, तो रकाना रिकामा राहतो. नाव नंतर बारा महिन्यांच्या आत विनाशुल्क घालता येतं, त्यानंतर विलंब शुल्क भरून. पण १ ऑक्टोबर २०२३ पासून कायद्यातली दुरुस्ती लागू झाली आहे आणि त्यानंतर जन्मलेल्यांना शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत जन्माचा दाखलाच पुरावा म्हणून लागणार आहे, तेव्हा नाव आणि त्याचं लेखन पहिल्यांदाच नीट घालावं. दाखल्यावर नाव मराठी आणि इंग्रजी दोन्हींत असतं. दादाने अर्जात तिष्या देवनागरीत ठळक, पोटफोड्या ष सुटा दिसेल असं लिहिलं, आणि इंग्रजीत टी, आय, एस, एच, वाय, ए. शेवटी दोन ए घालावेत असं कुणी सुचवलं होतं. नाही घातले. पुढे आधार, शाळा, पासपोर्ट सगळीकडे तेच लेखन जुळवत बसावं लागतं, म्हणून कमीत कमी अक्षरं.

महिन्याचं नाव ठेवलं की तिथीने वाढदिवस करावासा वाटतोच. ह्या वर्षी पौष वद्य दशमी १३ जानेवारीला आली, म्हणजे भोगीला. आईने तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि सगळ्या शेंगांची, वांगं-गाजर-हरभऱ्याची भोगीची भाजी केली, आणि त्याच आठवड्यात बोरन्हाण. तारखेचा वाढदिवस २४ ला पुन्हा झाला. चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा साधारण अकरा दिवसांनी लहान, म्हणून तिथी दर वर्षी मागे सरकते. पण पुढच्या वेळी ती मागे न जाता फेब्रुवारीच्या तोंडावर जाईल, कारण मधे अधिक मास आहे. १७ मे ते १५ जून २०२६, अधिक ज्येष्ठ.

आणि त्यावरूनच आता आमच्या इमारतीतल्या एका मुलीने मला गाठलंय. तिची तारीख मे महिन्याच्या अखेरची, म्हणजे बाळ नेमकं अधिक मासात. तिच्या सासूबाईंना तीच काळजी जी माझ्या आईला होती. २०२३ च्या अधिक श्रावणातही आमच्या ओळखीत एक मुलगा झाला होता. आजोबांनी पुरुषोत्तम सुचवलं, आईवडिलांनी श्रावण ठेवलं. पुरुषोत्तम मास म्हणून पुरुषोत्तम, हे मुलासाठी मला आजही चांगलं वाटतं. मुलगी झाली तर? वेदात तेराव्या महिन्यालाही नाव आहे, संसर्प, पण ते मुलीला देण्यासारखं नाही. ज्येष्ठाचं वैदिक नाव शुक्र, त्याचा अर्थ तेजस्वी. त्या अर्थाने शुक्रा किंवा तेजस्विनी. ज्येष्ठा हे तर नक्षत्राचंच नाव, पण थोरली म्हणून धाकटीला अडचण होईल. मी तिला बाईंकडे घेऊन जाणार आहे. शनिवारी संध्याकाळी सहाला ये म्हणाल्यात, वही घेऊन.